पाहुण्यापुढचं कौतुक

"हेमा, दारात मोटार थांबलीया. पांढरी. आपल्याकडंच आल्यात वाटतं."

आत्या पिठाचे हात तसेच धरून माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी कानावरचा हेडफोन अर्धा सरकवला आणि खिडकीतून पाहिलं. मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला मी आजवर फक्त छातीपर्यंत पाहिलं होतं, कंप्यूटरच्या पडद्यावर. तो एवढा उंच असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मुजुमदार सर. पुण्याहून, न कळवता, थेट विट्याला आमच्या गल्लीत.

"कोण गं?" आत्यांनी विचारलं.

"माझे साहेब."

"अगं बाई! आन तू ह्या अवतारात?" आत्यांचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचंच कुणी आलंय. हात धुवायला त्या लगबगीनं आत पळाल्या.

इकडे कानात मेहजबीन बोलत होती, मनमाडहून. "मॅडम, ऐकू येतंय ना? हॉस्पिटलवाले म्हणतात, कागद बदलून मिळणार नाही. पेशंटचा मुलगा काउंटरवर भांडतोय."

"तू लाइन सोडू नकोस. मी आलेच," मी म्हटलं.

आमची कंपनी पुण्याची. दवाखान्यांतून आलेली विम्याची प्रकरणं आम्ही तपासायचो. आम्ही मंजुरी दिली की मगच दवाखाना रोग्याला घरी सोडणार. माझ्या हाताखालची माणसं विखुरलेली होती. कुणी मनमाडला, कुणी उदगीरला, कुणी सावंतवाडीला. आणि त्या सगळ्यांची गाठ मी विट्याला मारून बसलेली. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर यंत्रमाग खडखडत असायचे. टीममधला नवा माणूस विचारायचा, "मॅडम, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" आमचं छान चाललं होतं. आधीच्या साहेबांनी कधी विचारलं नाही, की मी खुर्चीत बसते की पाटावर. काम वेळेवर यायचं, एवढं त्यांना पुरायचं.

मग मुजुमदार सर आले. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? आवाज कधी चढायचा नाही, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे. फक्त त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. जो माणूस डोळ्यांना दिसत नाही तो काम करत नाही. पहिल्यांदा त्यांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी दिवसभर कॅमेरा चालू ठेवायचा. मी नाही म्हटलं. माझी माणसं एका खोलीच्या, दोन खोल्यांच्या घरात राहतात, त्यांच्या पाठीमागं कुणी झोपलेलं असतं, कुणी बाळाला अंघोळ घालत असतं. तुम्ही काम बघा ना. ते फक्त "बघू" म्हणाले. मग आमच्या कंप्यूटरमध्ये एक प्रोग्रॅम आला. तो मधूनमधून पडद्याचा फोटो काढायचा. सावंतवाडीचा प्रभू गुंत्याचं प्रकरण आलं की कागद-पेन घेऊन विचार करत बसायचा. त्या प्रोग्रॅमनं त्याला रिकामटेकडा ठरवलं.

त्यानंतर सुरू झाल्या घरभेटी. सर पहिल्यांदा उदगीरला भूषणकडे गेले. भूषण दोन्ही हातांनी टाइप करत होता आणि एका पायानं पाळण्याची दोरी ओढत होता. सरांना फक्त पाय दिसला. आठवडाभरातच भूषणला निरोप आला, पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा, नाहीतर दुसरीकडे बघा.

त्यामुळे दारात काय आलंय हे मला बरोबर ठाऊक होतं. सरांनी वर उलटा शेरा दिला तर आख्खी टीम पुण्याला जाणार होती आणि मला पुण्याला जाता येणार नव्हतं. नवऱ्याचे, दिगंबरचे माग इथं, पोरीची शाळा इथं. ही नोकरी मला हवी होती. पगारासाठी हवी होतीच. पण दिवसातले काही तास माझ्या शब्दाला वजन असायचं, त्यासाठी जास्त हवी होती.

"नमस्कार, हेमांगी मॅडम," सर बूट काढून, ते भिंतीला नीट लावून आत आले. "सांगलीला काम होतं. म्हटलं वाटेत डोकावून जावं."

पुण्याहून सांगलीला जाताना विटा वाटेत लागत नाही. मुद्दाम वळावं लागतं.

"या ना सर, बसा."

"तुमचं चालू द्या हं. मी नसल्यासारखाच बसतो," असं म्हणून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. तिथून माझ्या खोलीचं दार सरळ दिसत होतं.

मी माझ्या खुर्चीकडे वळणार, एवढ्यात आत्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "आगं, पावणं आल्यात आन तू कुठं निघालीस? च्या टाक आधी."

मी ओळीनं मांडलेल्या डब्यांकडे पाहिलं. आत्यांनी जिभेनं च्यक् केलं, मला बाजूला सारलं आणि चहा स्वतःच टाकला. कपात ओतून झाल्यावर ट्रे मात्र माझ्या हातात दिला. "आता तू ने. आन वढणी नीट घे."

मी ओढणी नीट घेतली, ट्रे नेला, सरांना चहा दिला आणि पळत येऊन हेडफोन चढवला.

मेहजबीन नवीन होती. तिच्या आवाजावरून ती रडायच्या बेतात आहे हे कळत होतं. एका म्हाताऱ्या बाईचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. बाई बरी होती, घरचे सामान बांधून सकाळपासून बसले होते. पण डॉक्टरनं एका कागदावर ऑपरेशनची तारीख चुकीची लिहिली होती. तो कागद तसाच पुढे गेला असता तर विमा कंपनीनं आख्खं प्रकरण फेटाळलं असतं. सगळं बिल त्या घरावर पडलं असतं.

"मॅडम, मला सगळे ओरडताहेत," ती म्हणाली. "तो मुलगा, काउंटरवाला, इथं घरात अब्बा. मी गच्चीवर येऊन बसलेय, वर ऊन ओरडतंय."

"मग तू पण ओरड. गच्चीवर कोण ऐकायला येणार आहे? पण आधी लाइन म्यूट कर, नाहीतर हॉस्पिटल तुलाच अॅडमिट करून घेईल."

ती हुंदक्यातच हसली. तिचं हसू ऐकून मीही हसले. आणि मान वर केली तेव्हा सर दारातून माझ्याकडेच बघत होते, हातात कप घेऊन.

मी हसू आवरलं. "हे बघ, डॉक्टरांना थेट गाठ. काउंटरवाल्याशी बोलू नकोस. डॉक्टर लाइनवर आले की मला जोडून दे."

ती गेली आणि कानात शांतता झाली. त्या शांततेत बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐकू यायला लागलं.

"काकू, सूनबाई दिवसभर कामात असतात. तुम्हाला त्रास होत असेल ना?" सरांचा आवाज अगदी मऊ होता.

"छ्या! तरास कसला?" आत्या म्हणाल्या. "सोनं हाय सोनं, आमची हेमा. समदं घर बघून करती. पाटंला उठती, पाणी भरती, भाकऱ्या थापती. नोकरी हाय म्हणून बसून ऱ्हाईली, आसं कधी न्हाई."

"अरे वा. आणि दुपारी?"

"दुपारी धुणं हाय, निवडणं-टिपणं हाय. पोरीला शाळंतनं आणती. उन्हाळ्यात कुरडया घालाय आख्खा दिवस माझ्याबरं गच्चीवर व्हती."

"मग कंप्यूटर?"

"त्यो आसतोय की चालू. त्येला काय लागतंय? वाजला तर जाऊन बघती."

मी माउस सोडून कान दिला.

"म्हणजे तुम्ही हाक मारली की उठून येतात?"

"एका हाकंत! आवं, नोकरी काय, आज हाय उद्या न्हाई. आधी घर, मग नोकरी. ह्ये तिला सांगाय लागत न्हाई. फोनवर बोलत बसती जरा, पन तेवढं तर चालायचंच की, लेकरू हाय."

मी उठले. हेडफोनची वायर ताणली गेली, तरी मी दारापर्यंत पोचले. तोंड उघडणार तोच कानात मेहजबीन किंचाळली, "मॅडम! डॉक्टर आलेत लाइनवर! दुसऱ्या ऑपरेशनला निघालेत, दोनच मिनिटं म्हणतात. तुम्ही बोलता ना?"

बाहेर आत्या बोलतच होत्या. डॉक्टर आत गेले असते तर ती बाई आणखी एक रात्र तिथंच पडली असती. मी खुर्चीत बसले आणि डॉक्टरांशी बोलले. डॉक्टर आधी चिडले, मग नरमले, मग म्हणाले, "पाठवतो." दुरुस्त कागद आला. तो मी स्वतः वाचला आणि मंजुरी दिली. मेहजबीन "सुटली, मॅडम, सुटली!" असं ओरडली. ती बाई सुटली की मेहजबीन, कुणास ठाऊक.

मी बाहेर आले तेव्हा आत्या सरांना जेवायचा आग्रह करत होत्या आणि सर नको-नको म्हणत हात धुवायला निघाले होते.

आत्यांनी भरीत केलं होतं, बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि पाहुण्यासाठी घाईघाईनं शिरा. वाढायचं भांडं त्यांनी माझ्या हातात दिलं. सर मनापासून जेवले. भरीत दोनदा मागून घेतलं. मग शिऱ्याची वाटी बाजूला सारून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, एक बोलू? राग मानू नका. तुमचं कौतुकच वाटतंय मला. एवढं घर, लहान मुलगी, सगळं तुम्ही एकटीनं करता. त्यात आणखी एवढ्या मोठ्या टीमचं ओझं तुमच्यावर टाकणं हा अन्यायच आहे. मी वर तसंच सांगणार आहे. टीम पुण्यात एका छताखाली असलेलीच बरी."

"सर, आत्ता तासाभरात इथं काय झालं ते मी तुम्हाला दाखवते. एका बाईचं प्रकरण..."

"काम होतंय. नाही कुठं म्हणतोय मी? पण कसं होतंय ते दिसायला नको का?"

आत्या भाकरी घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघायच्या, सरांकडे बघायच्या. "म्हंजी काय गं, हेमा?"

"नोकरी पुण्याला चाललीय, आत्या. मला जाता येणार नाही. म्हणजे गेली."

"आगं, पन मी तर चांगलंच सांगितलं की समदं!"

आत्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी हातातली भाकरी दुरडीत ठेवली आणि सरांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"साहेब, मी खोटं बोलले."

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"भाकरी मी थापते. पाणी मी भरते. पोरीला शाळंतनं मी आणते. ही सकाळी त्या खुर्चीत बसली की दिवं लागंपातूर उठत न्हाई. मी ताट तिथं नेऊन ठेवते आन गार झालेलं तसंच म्हागारी आणते. कुरडया म्हणं! हिला चीक कसा शिजवत्यात त्ये बी ठावं न्हाई."

"मग मघाशी तसं का म्हणालात, काकू?"

"आवं, पावण्यापुढं काय सांगू? सून घरात काय करत न्हाई म्हणून? लोकं तोंडात शेण घालतील तिच्या. गल्लीत बी समद्यास्नी मी ह्येच सांगते. लगीन होऊन आली तवापास्नं सांगते."

हे मला नवीन होतं. समोरच्या वरुडे वहिनी मला गाठून कुरडयांचं प्रमाण का विचारायच्या, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं. मला सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं की मी किती कामसू आहे. आत्यांनी इतकी वर्षं स्वतः राबून ते सगळं माझ्या नावावर जमा केलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

सर मात्र हसले. छान, समजूतदार हसले. "काकू, फार जीव आहे तुमचा सुनेवर."

"जीव ऱ्हाऊ द्या!" आत्यांचा आवाज चिरकला. "च्याची पूड कुठल्या डब्यात हाय त्ये इच्यारा तिला. इच्यारा!"

सरांना मजा वाटत होती. "सांगा मॅडम. कुठल्या डब्यात आहे?"

मी फळीकडे पाहिलं. सगळे डबे एकसारखे, स्टीलचे, घासून लख्ख.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

सर मोठ्यानं हसले. "वा! छान जमतं हो तुमचं दोघींचं. पण मॅडम, मघाशी चहा तर तुम्हीच आणलात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

माझा संताप संताप झाला. या माणसाला अभिमानातलं खोटं एका घोटात पटलं होतं आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं खरं नाटक वाटत होतं. आत्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांच्यावर तरी रागवायचं कसं? मी वाढायचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि एवढंच म्हटलं, "सर, तुम्हाला उशीर होत असेल."

ते उठले. मी हलले नाही. पण आत्या उठल्या, चटणीची पुडी बांधली आणि दारापर्यंत जाऊन त्यांच्या हातात दिली. सर वाकून त्यांच्या पाया पडले. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या.

पुण्याहून मेल यायला फार दिवस लागले नाहीत. भाषा गोड होती. माझ्या कौटुंबिक जबाबदाऱ्या लक्षात घेऊन, वगैरे. दिगंबर म्हणाला, "त्यांच्या नाकावर टिच्चून दुसरी शोध." मला ती मिळालीही पुढे, पण त्या दिवसांत तसं काही दिसत नव्हतं. आत्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. रागावून नव्हे. नजर चुकवायच्या. दिवसभर काहीतरी घासत बसायच्या, धुतलेलं पुन्हा धुवायच्या. दिगंबरनं मला सांगितलं, "आई जेवत नाहीये नीट. तू बोल काहीतरी." मला बोलता यायचं नाही. घशापर्यंत काहीतरी यायचं, पण ते काय आहे हे कळत नव्हतं.

शेवटचा दिवस आला. सकाळपासून मी सगळं समजावून सोपवत होते. दुपारी टीमची माणसं एकेक करून निरोप घ्यायला लाइनवर आली. प्रभू नुसता घसा खाकरत राहिला. मेहजबीनच्या अब्बांनी तिला पुण्याला पाठवायला नकार दिला होता. तिचीही नोकरी संपली होती. ती रडायला लागली. मी हेडफोन काढून ठेवला होता, त्यामुळे तिचं रडणं खोलीभर ऐकू आलं.

आत्या ताट घेऊन आल्या. नेहमी ठेवून निघून जायच्या, त्या दिवशी तिथंच थांबल्या. मेहजबीन रडून रडून थकली, "खुदा हाफिज, मॅडम" म्हणाली आणि गेली.

"कोण रडतीया?"

"मेहजबीन. मनमाडची."

"तुझ्या हाताखालची?"

"हो."

"आन मघाशी तो खाकरत हुता, त्यो?"

"तो पण. माझ्याच हाताखालचा. सावंतवाडीला असतो."

"गडीमाणसं बी हैत?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. पडद्याकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "त्यो साहेब आला तवा तू हसत हुतीस फोनवर. कुणाबरं?"

"हिच्याबरोबरच. घाबरली होती. तिला हसवत होते, म्हणजे हात-पाय चालतील. एका म्हातारीला दवाखान्यातून सोडत नव्हते. ती आम्ही सोडवली, तुम्ही त्यांच्याशी बोलत होता तेव्हाच."

आत्या ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा लाल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना राग आलेला मी पाहिला.

"मंग त्या मेल्यानं मला ह्ये का इच्यारलं न्हाई? कवा उठती, कवा भाकरी करती, हाक मारली की येती का, समदं खोदून खोदून इच्यारलं. आन काम काय करती त्ये इच्यारलंच न्हाई!"

इतके दिवस घशात अडकलेलं ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं. गिळायचा प्रयत्न केला, पण ते बाहेर पडलंच.

"तुम्ही तरी कुठं विचारलंत, आत्या?"

त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं आणि त्या वळून निघून गेल्या. मला वाटलं, आता ह्या कायमच्या दुखावल्या. स्वतःच्या जिभेची लाज वाटली मला, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. खरं होतं ते.

स्वयंपाकघरात काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. आत्या पाट घेऊन आल्या. माझ्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला, गुडघा धरत त्यावर बसल्या आणि ओले हात पदराला पुसले.

"आता इच्यारतीया," त्या म्हणाल्या. "सांग."

नोकरी संध्याकाळपर्यंतच होती. मी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.